जपानची फाईल आणि दुकानाची वही



लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या पेठेतील तीन-चार दुकानांत हजेरी लावण्याचा माझा प्रघात सेवानिवृत्तीनंतरही सुटलेला नाही. बँकेत असताना ज्या पेढ्यांची खाती वर्षानुवर्षे माझ्या टेबलावरून गेली, त्यांच्या नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक उमटताना पाहण्यात एक निराळेच समाधान असते. गेल्या दिवाळीत अशाच एका भुसार मालाच्या दुकानी बसलो होतो. पूजा आटोपली, प्रसाद झाला आणि मालकांनी नव्या वहीशेजारी ठेवलेली एक निळी प्लॅस्टिकची फाईल माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "साहेब, वही तर दर वर्षी पाहता, यंदा हिच्यावरही एक नजर टाका. पोरगी जपानला शिकायला जायचे म्हणते."

त्या फाईलने पुढे सहा महिने माझी पाठ सोडली नाही. त्या कुटुंबाच्या अनुमतीने, नाव-गाव गाळून, ती हकीकत येथे मांडत आहे. मुलांना परदेशी पाठविण्याचा विचार आज आपल्यातील अनेक घरांत चालू आहे, आणि या घरात जी अडचण उभी राहिली ती इतरांच्याही वाट्याला येण्याजोगी आहे.

मुलगी पुण्यात संगणकशास्त्राच्या पदवीच्या अखेरच्या वर्षाला. महाविद्यालय सांभाळून दोन वर्षे तिने जपानी भाषेचा वर्ग केला होता. त्या भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या पाच पायऱ्या आहेत. एन-५ सर्वांत खालची आणि एन-१ सर्वांत वरची. आपल्याकडे ही परीक्षा जुलै व डिसेंबर महिन्यांच्या पहिल्या रविवारी होते. जुलैत तिने एन-४ ही पायरी गाठली होती. तेथे आधी भाषाशाळेत शिकावे आणि मग विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणाला जावे, असा तिचा बेत. "सगळे अमेरिका-ऑस्ट्रेलियाला जातात, तू जपानच का निवडलास?" असे मी विचारले. ती म्हणाली, "काका, तिकडे इंग्रजी येणाऱ्यांची रांग फार मोठी आहे. जपानी येणाऱ्या इंजिनिअरांची रांग अजून लहान आहे." व्यापाऱ्याची मुलगी, बाजार ओळखून बोलली.

आणि जपान आपल्याला वाटतो तितका परका नाही. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा यांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीची मुंबई-जपान जहाजवाहतूक सुरू झाली आणि आपल्याकडील कापूस तिकडच्या गिरण्यांत जाऊ लागला. कोबे बंदरात भारतीय व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. त्यांत मोत्यांच्या व्यापारातील जैन कुटुंबेही आहेत. त्याच शहरातील कितानो भागात १९८५ मध्ये भगवान महावीर स्वामींचे संगमरवरी मंदिर उभे राहिले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका आली आणि तिच्या प्रेरणेने त्यांनी १९१६ मध्ये आपल्याकडील पहिले महिला विद्यापीठ स्थापन केले, हेही येथे आठवावे. शंभर वर्षांपूर्वी ज्या देशाकडे पाहून आपण मुलींच्या शिक्षणाची वाट आखली, तेथे आज आपली एक मुलगी शिकायला जाऊ पाहते, यात नवल नाही.

आता फाईलकडे वळू. जपानला जाणाऱ्या विद्यार्थ्याची वाट अशी असते. भाषाशाळा किंवा विद्यापीठ प्रवेश देते. मग तीच संस्था विद्यार्थ्याच्या वतीने जपानच्या इमिग्रेशन कार्यालयाकडे अर्ज करून पात्रता प्रमाणपत्र मिळवते. मुले त्याला 'सीओई' म्हणतात. ते हाती आले की आपल्याकडील जपानी वकिलातीकडून व्हिसा मिळतो. या प्रमाणपत्राच्या अर्जात खर्च कोण उचलणार, त्याचे उत्पन्न किती, त्याने कर किती भरला, बँकेत शिल्लक किती, हे सारे कागदोपत्री दाखवावे लागते. शिवाय ती शिल्लक कशी साठत गेली, याचाही खुलासा मागितला जातो. बँकेतील माणसाच्या दृष्टीने शेवटचा हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

फाईलमध्ये वडिलांच्या तीन वर्षांच्या आयकर विवरणपत्रांच्या प्रती होत्या. त्यांत दाखविलेले वार्षिक उत्पन्न सहा लाखांच्या आत होते. शेजारीच एजंटाने लिहून दिलेली यादी होती आणि तिच्यात एक ओळ होती : 'बँक शिल्लक दाखला – रु. २० लाख.'

"एवढी रक्कम खात्यात आहे का?" मी विचारले.

"नाही, पण तो म्हणतो, आम्हीच आणून ठेवतो. आठ-दहा दिवस खात्यात राहील, दाखला निघाला की परत. त्याचे जे काही शेकडा होईल ते द्यायचे."

"आणि हे उत्पन्न?"

शेठजी हसले. "साहेब, धंद्यात काय चालते ते तुम्हाला मी सांगायचे का?"

त्यांच्या हसण्यात लबाडी नव्हती. पेठेतील रीतच बोलत होती. माणूस सचोटीचा आहे. उधारीचा शब्द पाळणारा, मापात कधी कमी न देणारा. पण विक्रीचा काही भाग पावतीबाहेर राहायचा आणि त्यात आपण काही वावगे करतो असे त्यांना कधी वाटले नव्हते. आता तोच सांभाळलेला लहान आकडा लेकीच्या वाटेत आडवा आला होता. वर्षाला सहा लाख मिळविणारा माणूस मुलीवर वर्षाला बारा लाख कसे खर्च करणार, हा प्रश्न जपानी अधिकाऱ्याच्या मनात येणारच. आणि त्याला खरे उत्तर देण्याची सोय त्यांनीच स्वतःसाठी ठेवली नव्हती.

तेवढ्यात मुलीने विचारले, "पण काका, दाखला खोटा तर नसेल ना? त्या दिवशी पैसे खरोखरच खात्यात असतील."

हा प्रश्न ऐकून मी काही वेळ बोलू शकलो नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी, एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना, हाच प्रश्न मी स्वतःला विचारला होता आणि सोयीचे उत्तर काढले होते. एका ओळखीच्या ग्राहकाचा मुलगा परदेशी चालला होता. खात्यात आदल्या दिवशी मोठी रक्कम जमा झाली. ती कोठून आली आणि चार दिवसांनी कोठे जाणार, हे मला ठाऊक होते. तरीही मी दाखल्यावर सही केली. अमुक तारखेस अमुक शिल्लक आहे, यातील एक अक्षरही असत्य नव्हते. मुलगा गेला. दुसऱ्या सत्राच्या शुल्काची वेळ आली तेव्हा घरात पैसे नव्हते, कर्ज मिळेना, आणि तो शिक्षण अर्धवट टाकून परतला. पुढे त्याचे वडील शाखेत आले ते दुसऱ्याच कामासाठी. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. पण त्या शिल्लक दाखल्याचा अर्थ 'या मुलाच्या शिक्षणाची सोय झालेली आहे' असा होता, आणि तशी सोय झालेली नाही हे सही करताना मला माहीत होते. नियमांच्या भाषेत मी निर्दोष ठरलो असतो. सत्यव्रताच्या भाषेत नाही. दर वर्षी क्षमापनेच्या दिवशी तो मुलगा मला आठवतो.

ही गोष्ट मी त्या संध्याकाळी दुकानातच, बापलेकीसमोर सांगितली. कोणी काही बोलले नाही. मग आम्ही नव्या वहीऐवजी एक कोरा कागद घेतला आणि खर्चाचा हिशेब मांडला. तो येथेही देतो. वाचकांच्या उपयोगी पडेल.

भाषाशाळेचे वर्षाचे शुल्क साधारण सात ते नऊ लाख येन असते. राहणे, खाणे, प्रवास, विमा यांसाठी महिन्याला एक लाख येन धरून चालावे. टोकियोत त्याहून अधिक. म्हणजे वर्षाला सुमारे वीस लाख येन. हिशेबाच्या सोयीसाठी शंभर येनला साठ रुपये धरले तर बारा लाख रुपये झाले. दर साठावरून सहासष्टवर गेला, तर तोच खर्च तेरा लाख वीस हजार होतो. धान्याच्या भावाची चढ-उतार जाणणाऱ्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही; पण मुलाच्या शिक्षणाचा हिशेब करताना विनिमय दरासाठी दहा टक्के राखून ठेवायला आपण बहुधा विसरतो.

पुढची गोष्ट मला स्वतःला त्या कागदावर आकडे मांडतानाच उमगली. जपानमधील बहुतेक राष्ट्रीय विद्यापीठांचे वार्षिक शुल्क ५,३५,८०० येन आहे आणि प्रवेशाच्या वेळी एकदा २,८२,००० येन द्यावे लागतात. म्हणजे भाषाशाळेचे वर्ष विद्यापीठातील वर्षापेक्षा महाग! जी भाषा पुण्यात राहून शिकता येते, तीच आपण तेथे जाऊन येनमध्ये विकत घेत होतो. मुलगी भाषाशाळेत दोन वर्षे काढणार होती. तिने येथेच एन-३ आणि शक्य तर एन-२ गाठली, तर भाषाशाळा एका वर्षावर येईल. आणि ते एक वर्ष म्हणजे बारा लाख रुपये. शिवाय एजंट एप्रिलच्या प्रवेशाची घाई करीत होता, आणि पदवीची अखेरची परीक्षा होती मे महिन्यात. "परीक्षेला परत या," एवढेच त्याचे म्हणणे.

"आणि ती तिथे काम करून कमावेल त्याचे काय? एजंट म्हणतो, खर्च त्यातूनच निघतो," शेठजींनी विचारले. विद्यार्थ्याला परवाना काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. दीर्घ सुट्टीत दिवसाला आठ तास. किमान वेतन आज ताशी हजार येनच्या वर आहे. कागदावर हा आकडा चांगला दिसतो. पण नवख्या विद्यार्थ्याला सहज मिळणारे काम म्हणजे उपाहारगृहातील किंवा चोवीस तास चालणाऱ्या छोट्या दुकानातील, आणि अशा दुकानाच्या गल्ल्याशेजारीच तळलेले मांस विकायला ठेवलेले असते. आपल्या घरातील मुलीला ते हाताळणे जमणार नाही. भाषा बरी आल्यावर गोदामातील, कार्यालयातील, संगणकाचे काम मिळू शकते. म्हणजे पुन्हा भाषेपाशीच येऊन थांबलो. शिवाय मर्यादेपेक्षा अधिक तास काम केल्यास व्हिसाचे नूतनीकरण धोक्यात येते. त्या कमाईवर हातखर्च भागवावा. शुल्क भरण्याची भिस्त तिच्यावर ठेवू नये.

कर्जाविषयी दोन शब्द. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, त्यापुढे लागते. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाने सुरू होते. मात्र व्याजाची आकारणी पहिल्या दिवसापासून असते, म्हणून शिक्षण चालू असतानाच ते भरत राहणे हिताचे. भाषाशाळेसाठी सगळ्याच बँका कर्ज देत नाहीत. आधी चौकशी करावी. परदेशी रक्कम पाठविण्यासाठी प्रत्येक व्यक्तीस आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. एका वर्षात दहा लाख रुपयांपेक्षा अधिक पाठविल्यास बँक वरच्या रकमेवर कर गोळा करते. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेला तो लागत नाही. आणि ही प्रत्येक वाट शेवटी विवरणपत्रातील उत्पन्नाच्या आकड्यापाशी येऊन थांबते, कारण बँकही कर्ज देताना तोच आकडा पाहते.

यावर उपाय आहे, पण तो फुकट नाही. मागील वर्षांचे राहिलेले उत्पन्न जाहीर करण्यासाठी आयकर कायद्यात अद्ययावत विवरणपत्राची सोय आहे. त्याची मुदत २०२५ पासून दोन वर्षांवरून चार वर्षांवर नेण्यात आली. मूळ कर व व्याज यांच्यावर अधिकचा कर बसतो. पहिल्या वर्षात आलात तर २५ टक्के, दुसऱ्या वर्षात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७०. मी हे सांगितले, उठलो आणि घरी आलो. पुढचा निर्णय त्यांचा होता.

पंधरा-वीस दिवस काहीच निरोप नव्हता. पेठेत समोर दिसले तरी शेठजी नजर चुकवीत आहेत असे मला वाटले. मग एका सकाळी त्यांचा फोन आला. "सी.ए.कडे जाऊन आलो, साहेब. आकडा ऐकून रात्रभर झोप लागली नाही. दोन वर्षांचे भरतो आहे. पुढे मात्र सगळे पावतीनेच." त्यांनी थोडे थांबून म्हटले, "पोरगी म्हणाली, पप्पा, तिथे मला कोणी विचारले की हे पैसे कुठून आले, तर मला अडखळायला लागू नये." एजंटाला दिलेले आगाऊ पंचवीस हजार बुडाले. एप्रिलचा प्रवेशही गेला. त्या घरात त्या महिन्यात कोणी आनंदात नव्हते, हे मला ठाऊक आहे. मुलगी तर दोन दिवस जेवली नाही, असे तिच्या आजीने नंतर सांगितले.

पण मिळालेल्या वर्षाचा उपयोग तिने कसा केला, तेही सांगितले पाहिजे. जपानीच्या दोन लिप्यांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आहेत आणि नित्य वापराच्या चित्राक्षरांची अधिकृत यादी २,१३६ अक्षरांची आहे. पहिले काम आपल्याला सोपे, कारण अक्षरागणिक उच्चाराची सवय देवनागरीने लावलेली असते. वाक्यरचनाही ओळखीची. 'मी पुस्तक वाचतो' यात क्रियापद शेवटी येते, तसेच 'वाताशी वा होन ओ योमिमास' यातही. तू, तुम्ही, आपण यांतील फरक पाळणाऱ्याला तेथील आदरार्थी बोलणेही समजते. कठीण आहे ती चित्राक्षरे. ती रोज दहा या हिशेबाने लिहून काढू लागली, दुकानाच्या जुन्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूवर.

दुसरी तयारी स्वयंपाकघरातली. आजींची पहिली चिंता तीच होती. तेथील बहुतेक रश्श्यांना आणि सारांना 'दाशी' नावाच्या अर्काचा आधार असतो आणि तो पुष्कळदा वाळविलेल्या माशाचा असतो. पदार्थात नुसती भाजी दिसली म्हणून तो शाकाहारी ठरत नाही. बौद्ध मठांतील 'शोजिन र्‍योरी' हा आहार मांस-मासे आणि कांदा-लसूणही वर्ज्य मानतो. पण त्यात मुळा, कमळकाकडी ही कंदमुळे असतात आणि अळंबीही. तेव्हा आपल्या नियमाने राहायचे तर हाताने रांधणे हाच मार्ग. तांदूळ, टोफू, कोबी, भोपळा, दूध तेथे मिळते. डाळी आणि मसाले भारतीय दुकानांतून. मुलीने पाकिटांवरील शब्दांची यादी करून स्वयंपाकघरात लावली : निकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासा, तामागो म्हणजे अंडे, तामानेगी म्हणजे कांदा, निन्निकु म्हणजे लसूण. आता आजीही "निन्निकु नाही ना गं यात?" असे विचारून तिची थट्टा करतात. चौविहार पाळायचा तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते; डिसेंबरात टोकियोचा सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. वर्ग सुटण्याआधीच संध्याकाळ होते. म्हणून तिने पुण्यातच दुपारी चारला डबा खाण्याची सवय लावून घेतली. कोणता नियम पूर्ण निभेल आणि कोठे मर्यादा घ्यावी लागेल, हे तिने येथेच, वडीलधाऱ्यांशी बोलून ठरविले. तेथे गेल्यावर लपवून काही करावे लागू नये, एवढाच आजींचा आग्रह होता.

डिसेंबरात तिने एन-३ दिली. जानेवारीच्या अखेरीस निकाल आला, थोडक्यात हुकली. जुलैत पुन्हा बसेल. जपान सरकारची शिष्यवृत्ती १९५४ पासून चालू आहे. तिच्यात शुल्क माफ, मासिक निर्वाहवेतन आणि विमानभाडे मिळते. पदवीधरांसाठीच्या त्या शिष्यवृत्तीचीही तयारी ती करीत आहे. स्पर्धा मोठी आहे. मिळेलच असे नाही. मिळाली नाही तर पुढील एप्रिलच्या प्रवेशासाठी येत्या दिवाळीच्या सुमारास कागद जातील, आणि त्यांतील प्रत्येक आकड्यामागे दाखविण्याजोगी नोंद असेल. व्हिसा मिळेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु तो नाकारला गेला, तर तो खोट्या कागदापायी नसेल.

ज्यांची मुले आज अकरावी-बारावीत आहेत, त्या वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे. मुलाला कोठे पाठवायचे, हे अजून ठरले नसले तरी चालेल. पण विवरणपत्रात खरे उत्पन्न यंदापासूनच दाखवा, मुलांच्या नावे दरमहा काही रक्कम बँकेतून बाजूला टाका आणि तिला हात लावू नका. चार वर्षांची अशी सरळ नोंद असली की एजंटाची गरज उरत नाही. शाळांशी पत्रव्यवहार मुले स्वतः करू शकतात. आणि शिल्लक दाखल्यासाठी उसनी रक्कम देऊ करणारा कोणी भेटला, तर त्याला दुकानाच्या पायरीवरूनच परत पाठवा. मी बँकेच्या खुर्चीत असताना ते केले नाही. आपण अवश्य करावे.

जय जिनेंद्र.